पांढरे गिधाड: ओळख, वय आणि नोंद



क्षेत्रभेटीला गेल्यावर आकाशात एखादा पांढरा शिकारी पक्षी घिरट्या घालताना दिसला, की सर्वांचा पहिला प्रश्न असतो, ‘हा कोणता?’ नाव कळले, फोटो मिळाला, की बहुतेक जण वही मिटतात. या पाठात आपण पहिल्या प्रश्नाचे उत्तर पद्धतशीरपणे शोधायला शिकणार आहोत. पण पाठाचा खरा भर दुसऱ्या प्रश्नावर आहे: हा पक्षी दिसला, यावरून त्याच्या इथल्या संख्येबद्दल नेमके काय कळते आणि काय कळत नाही?

उदाहरणासाठी आपण पांढरे गिधाड घेतले आहे. इंग्रजीतून आलेल्या नावाने त्याला इजिप्शियन गिधाड असेही म्हणतात. हिंदीत ते सफेद गिद्ध किंवा गोबर गिद्ध, तर तमिळमध्ये पिवळ्या चेहऱ्याचे गिधाड या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. जागतिक पातळीवर ही जाती २००७ पासून आययूसीएनच्या यादीत ‘संकटग्रस्त’ या वर्गात आहे.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील:
• रंगावर विसंबून न राहता आकारावरून पांढरे गिधाड ओळखणे.
• पांढऱ्या दिसणाऱ्या इतर शिकारी पक्ष्यांपासून ते वेगळे काढणे.
• पिसाऱ्यावरून पक्ष्याचे वय ढोबळपणे ठरवणे.
• केवळ प्रौढ पक्षी दिसण्याचा अर्थ काय असू शकतो, हे स्पष्ट करणे.
• संशोधनाला उपयोगी पडेल अशी नोंद करणे.

१. पक्ष्याची ओळख

पांढऱ्या गिधाडाचे शास्त्रीय नाव निओफ्रॉन पर्क्नॉप्टेरस. लिनियसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. गरुड, घारी आणि ससाणे यांच्याबरोबर गिधाडांचाही समावेश आपण व्यापक अर्थाने शिकारी पक्ष्यांत करतो. पांढरे गिधाड तर घार आणि गरुड ज्या कुळात आहेत त्याच अ‍ॅक्सिपिट्रिडी कुळातले आहे. हिमालयात आढळणारे दाढीवाले गिधाड हे त्याचे जवळचे नातेवाईक.

इतर गिधाडांच्या तुलनेत हा पक्षी लहान आहे. वजन साधारण दोन किलो, पंखविस्तार दीड मीटरपासून एक मीटर सत्तर सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे आपल्या नेहमीच्या घारीपेक्षा थोडा मोठा. चोच लांब आणि बारीक असते. मेलेल्या म्हशीचे जाड कातडे या चोचीने फाडता येत नाही. म्हणून मोठी गिधाडे किंवा कुत्री जनावर उघडतात तेव्हा हा पक्षी कडेला थांबतो आणि उरलेले तुकडे टिपतो. त्याशिवाय किडे, अंडी, लहान मेलेले प्राणी, कचऱ्यातील अन्न आणि जनावरांची विष्ठाही तो खातो. विष्ठा खाण्याचा त्याच्या चेहऱ्याच्या पिवळ्या रंगाशी संबंध आहे. गुराढोरांच्या शेणात कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये असतात आणि ती पक्ष्याच्या त्वचेत उतरतात, हे स्पेनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. ‘पांढऱ्या पाठीचे गिधाड’ हा वेगळा पक्षी आहे. तो बराच मोठा आणि गडद असतो. फक्त कंबरेवर आणि पंखाच्या आतल्या बाजूला पांढरा भाग असतो. स्थानिक लोकांनी ‘पांढरे गिधाड’ पाहिल्याचे सांगितले, तर त्यांना नेमका कोणता पक्षी अभिप्रेत आहे, हे वर्णन विचारूनच ठरवा.

२. आधी आकार, मग रंग

उडणारा पक्षी ओळखताना पुढील क्रम पाळा. रंग शेवटी आहे, आणि तो मुद्दामच शेवटी ठेवला आहे.

(अ) शेपूट. पांढऱ्या गिधाडाची शेपूट पाचरीसारखी असते. मधली पिसे लांब आणि कडेची आखूड, त्यामुळे टोक निमुळते दिसते. पक्षी कोणत्याही वयाचा असो, ही खूण बदलत नाही.

(आ) पंख. पंख लांब, रुंद आणि बरेचसे सरळ असतात. घिरट्या घालताना ते जवळजवळ सपाट धरलेले असतात.

(इ) डोके आणि चोच. डोके लहान, चोच बारीक आणि पुढे आलेली. चेहऱ्यावर पिसे नसतात. मानेमागची पिसे टोकदार आणि विस्कटलेली असतात. बसलेल्या पक्ष्यात ती आयाळीसारखी दिसतात.

(ई) हालचाल. जमिनीवर हा पक्षी पाय उंच उचलत चालतो. एका जागी पंख मारत हवेत स्थिर राहणे ही त्याची सवय नाही.

(उ) रंग. प्रौढ पक्ष्याचे अंग आणि पंखांचा पुढचा भाग पांढरा, तर उड्डाणपिसे, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेची आणि टोकाची मोठी पिसे, काळी असतात. खालून पाहिले तर पांढऱ्या पंखाला रुंद काळी किनार लावल्यासारखी दिसते. चेहरा पिवळा.

पहिल्या चार खुणा जुळल्या आणि पाचवी जुळली नाही, तरी पक्षी पांढरे गिधाडच असू शकतो. उलट, फक्त पाचवी जुळली आणि पहिल्या चार जुळल्या नाहीत, तर तो दुसरा पक्षी आहे. हे असे का, ते पुढच्या तीन भागांत पाहू.

३. पांढरे दिसणारे इतर पक्षी

भारतात पांढरे किंवा पांढुरके दिसणारे अनेक पक्षी आकाशात एकटे फिरताना आढळतात. पुढील पक्ष्यांशी तुलना करून पाहा.

• कापशी: कावळ्याएवढा लहान पक्षी. खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि खाली झेप घेतो.

• ब्राह्मणी घार: डोके आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. पाणथळ जागा आणि किनाऱ्याजवळ जास्त. शेपूट गोलसर.

• पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड: येथे गोंधळ होण्याची शक्यता खरी आहे, कारण त्याचीही शेपूट आखूड पाचरीसारखी आणि पंखांना खालून काळी किनार असते. पण तो बराच मोठा असतो, पंख वर उचलून ‘व्ही’ आकारात धरतो, पाठ राखाडी असते, चोच जाड आणि आकडीसारखी असते. तो प्रामुख्याने समुद्रकिनाऱ्यावर आणि बेटांवर दिसतो.

• फिकट रंगाचा बूटेड गरुड: खालून पांढरा आणि काळी उड्डाणपिसे असलेला. शेपटीचे टोक मात्र जवळजवळ चौकोनी, आणि चेहरा पिसांनी झाकलेला. हिवाळ्यात देशभर येतो.

• फिकट भोवत्याचा नर: अंग फिकट राखाडी, फक्त पंखाच्या टोकाशी काळी पाचर. माळावर, गवताच्या थोडेच वर, संथ तरंगत जातो. हाही हिवाळी पाहुणा आहे.

• पांढरा करकोचा: हा शिकारी पक्षी नाही, पण उंचावर त्याचा काळा-पांढरा नमुना अगदी सारखा दिसतो. पुढे आलेली लांब मान आणि शेपटीमागे लोंबणारे पाय पाहिले की शंका फिटते.

हिमालयात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दाढीवाल्या गिधाडाचाही विचार करावा. त्याची शेपूटही पाचरीसारखी असते, पण ती खूप लांब असते, आणि पंखविस्तार अडीच मीटरच्या आसपास असतो.

४. रंग कधी फसवतो

रंगावर भरवसा ठेवताना तीन अडचणी येतात.

पहिली अडचण प्रकाशाची. दुपारी फिकट वाळूवरून किंवा बर्फावरून परावर्तित झालेला प्रकाश पक्ष्याच्या पोटावर पडतो आणि तपकिरी पक्षीही उजळ दिसतो. उलट, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी काळा दिसू शकतो. म्हणून नोंदीत सूर्य पक्ष्याच्या कोणत्या बाजूला होता, तेही लिहावे.

दुसरी अडचण मातीची. प्रौढ पांढरे गिधाड नेहमी पांढरेशुभ्र असतेच असे नाही. काही पक्षी लोहयुक्त लाल चिखलात डोके, मान आणि छाती माखून घेतात. कॅनरी बेटांवरील पक्ष्यांमध्ये या सवयीचा अभ्यास झाला आहे. असा पक्षी तांबूस किंवा मळकट दिसतो. पण उड्डाणपिसे काळी आणि चेहरा पिवळा असतो, म्हणून तो प्रौढ आहे हे ओळखता येते.

तिसरी अडचण रंगद्रव्याच्या दोषाची. कोणत्याही जातीचा एखादा पक्षी जन्मतःच पांढरा असू शकतो. अल्बिनिझम, म्हणजे पूर्ण वर्णहीनता, असेल तर शरीरात मेलॅनिन तयारच होत नाही आणि डोळेही गुलाबी दिसतात. ल्यूसिझममध्ये रंगद्रव्याच्या पेशी पिसांपर्यंत पोचत नाहीत. पिसे अंशतः किंवा पूर्ण पांढरी होतात, पण डोळ्यांचा रंग सहसा नेहमीचा राहतो. म्हणून पूर्ण पांढरी घार दिसली, तरी तिची शेपूट खाचेची असेल आणि पंख घारीसारखेच वाकतील. दोष रंगात असतो, सांगाड्यात नसतो. आकार आधी पाहावा, या नियमाचे कारण हेच.

५. पांढरा म्हणजे प्रौढ

आता पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ.

पांढऱ्या गिधाडाचे पिल्लू पांढरे नसते. घरट्यातून बाहेर पडते तेव्हा ते गडद तपकिरी असते. चेहरा करडा, चोच काळपट. दरवर्षी पिसे झडतात आणि नवी येतात, तसतसा रंग उजळत जातो. दुसऱ्या ते चौथ्या वर्षांत पक्षी ठिपकेदार, भुरा, मळकट दिसतो. पूर्ण पांढरा पिसारा यायला साधारण पाच वर्षे लागतात. शेपटीचा आणि चोचीचा आकार मात्र पहिल्यापासून तोच असतो.

क्षेत्रनिरीक्षणासाठी तीन गट पुरेसे आहेत:
• किशोर: जवळजवळ पूर्ण गडद तपकिरी, चेहरा करडा.
• मधल्या वयाचे: तपकिरी आणि पांढुरक्या पिसांचे मिश्रण, चेहरा पिवळसर होऊ लागलेला.
• प्रौढ: अंग पांढरे, उड्डाणपिसे काळी, चेहरा पिवळा.

घारींच्या घोळक्यात तपकिरी किशोर सहज लपून जातो. घाईत पाहणारा त्याला ‘घार’ म्हणून सोडून देतो. त्याच घोळक्यातला पांढरा पक्षी मात्र लांबूनही लक्ष वेधतो. परिणामी आपल्या वह्यांत प्रौढांची नोंद पुरेपूर होते आणि किशोरांची अपुरी. शेपूट पाहण्याची सवय हाच यावरचा उपाय. घारीच्या शेपटीला खाच, गिधाडाची शेपूट पाचरीची.

आता याचा अर्थ लक्षात घ्या. आज दिसलेला प्रत्येक पांढरा पक्षी किमान चार-पाच वर्षांपूर्वी जन्मलेला आहे. तो गेल्या काही वर्षांतल्या प्रजननाबद्दल काहीच सांगत नाही. ती माहिती तपकिरी पक्षी देतात.

६. एक साधे गणित

समजा, एखाद्या भागात १०० प्रौढ पक्षी आहेत आणि नवे प्रौढ येणे पूर्ण थांबले आहे. पुढील आकडे समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. ते प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत.

प्रौढांपैकी दरवर्षी ९० टक्के जगतात असे धरू.
• ५ वर्षांनी उरतील: १०० × ०.९^५ = सुमारे ५९
• १० वर्षांनी उरतील: १०० × ०.९^१० = सुमारे ३५

आता जगण्याचे प्रमाण ८० टक्के धरू.
• ५ वर्षांनी: सुमारे ३३
• १० वर्षांनी: सुमारे ११

पहिल्या उदाहरणात एकही नवा पक्षी सामील होत नसताना दहा वर्षांनीही ३५ पांढरे पक्षी आकाशात आहेत. क्षेत्रभेटीला गेलेल्या प्रत्येक तुकडीला ते दिसतील. प्रत्येक तुकडी ‘पक्षी अजून आहेत’ असेच लिहील, आणि ते खोटेही नसेल. तरीही ती संख्या संपण्याच्या मार्गावर आहे. शिवाय आज प्रजनन थांबले, तरी आधी जन्मलेली पिल्ले पुढची चार-पाच वर्षे पांढरी होत राहतील, त्यामुळे प्रौढांच्या संख्येतली घट आणखी उशिरा दिसेल.

दोन्ही उदाहरणांची तुलना केली की दुसरी गोष्ट कळते. दीर्घायुषी आणि वर्षाला एक-दोनच पिल्ले वाढवणाऱ्या पक्ष्यांत प्रौढांच्या मृत्यूत झालेली थोडी वाढही फार महागात पडते. पांढरे गिधाड सहसा दोन अंडी घालते, ती सुमारे सहा आठवडे उबवते, आणि जोडीतले दोघेही हे काम वाटून घेतात. हरवलेले प्रौढ इतक्या मंद गतीने भरून निघत नाहीत.

तमिळनाडूतील तिरुकळुकुंड्रम येथील टेकडीवरच्या मंदिरात पुजारी रोज दुपारी पांढऱ्या गिधाडांच्या जोडीला नैवेद्य देत असत. ‘पक्षीतीर्थ’ म्हणून ते ठिकाण देशभर प्रसिद्ध होते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ही जोडी पाहिली, त्यामुळे ती कायमचीच आहे असे वाटत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पक्षी येईनासे झाले. रोज दोन पांढरे पक्षी दिसत होते. पण त्यांच्यामागे किती तपकिरी पक्षी वाढत आहेत, हे त्या दर्शनातून कळण्याची सोय नव्हती.

७. संख्या का घटली?

भारतीय उपखंडातील गिधाडांची मोठी पडझड १९९० च्या दशकात सुरू झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००७ पर्यंत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध याला कारण असल्याचे पाकिस्तानात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून सिद्ध झाले. औषध दिलेले जनावर लवकरच मेले, तर औषधाचा अंश मांसात राहतो. ते मांस खाल्ल्यावर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, यूरिक अ‍ॅसिड अंतर्गत अवयवांवर साचते आणि काही दिवसांत पक्षी मरतो.

भारत सरकारने २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जाऊ नयेत, म्हणून २०१५ मध्ये त्यांच्या आकारावर मर्यादा आली. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांसाठी सुरक्षित आढळले आहे.

पांढऱ्या गिधाडांची संख्याही त्याच काळात वेगाने घटली. या घटीतही अशा औषधांचा वाटा असावा, असे अभ्यासक मानतात. त्याखेरीज पुढील कारणे आहेत:
• कुत्रे किंवा हिंस्र प्राणी मारण्यासाठी जनावरात घातलेले विष.
• विजेच्या खांबांवर बसताना लागणारा झटका.
• उघड्यावर जनावरे टाकण्याच्या जागा बंद होणे, आणि उरलेल्या जागांवर भटक्या कुत्र्यांची वाढती संख्या.
• कडे आणि जुन्या वास्तू येथील घरट्यांजवळ माणसांचा वावर.

यातील विष, औषधे आणि विजेचा झटका ही कारणे प्रौढांनाही मारतात, तर घरट्याजवळचा त्रास प्रामुख्याने पिल्लांवर परिणाम करतो. वयोगटांची नोंद असेल, तर कोणत्या भागात कोणते कारण जास्त काम करते आहे, याचा शोध घेण्यास दिशा मिळते.

८. कुठे आणि केव्हा पाहावे?

पांढरे गिधाड कोरड्या, मोकळ्या प्रदेशात राहते. उंच कडे, किल्ल्यांच्या भिंती, जुन्या इमारती, मोठी झाडे आणि विजेचे मनोरे येथे ते बसते किंवा घरटे करते. राजस्थानात बिकानेरजवळ जोरबीड येथे मेलेली जनावरे टाकण्याची जागा आहे. तेथे हिवाळ्यात पांढरी गिधाडे मोठ्या संख्येने जमतात. कर्नाटकातील रामनगरच्या खडकाळ टेकड्या लांब चोचीच्या गिधाडांबरोबर या पक्ष्यासाठीही ओळखल्या जातात. ईशान्य भारतात हा पक्षी दिसण्याची अपेक्षा फारशी ठेवू नये.

येथे एक गुंतागुंत आहे. भारतात या जातीच्या दोन उपजाती आढळतात. गिंगिनियानस ही उपजाती येथेच राहते. तिचे नाव तमिळनाडूतील जिंजी या गावावरून आले आहे. तिच्या प्रौढाची चोच पूर्ण पिवळी असते. पर्क्नॉप्टेरस ही थोडी मोठी उपजाती हिवाळ्यात मध्य आशियाच्या बाजूने वायव्य भारतात येते. तिच्या प्रौढाच्या चोचीचे टोक काळे असते. किशोरांची चोच गडदच असल्याने ही खूण फक्त प्रौढांना लावावी.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत राजस्थानात दिसलेले किशोर भारतातच जन्मले, असे मानता येत नाही. स्थानिक प्रजननाबद्दल प्रश्न असेल, तर मार्च ते जूनमधील नोंदी जास्त उपयोगी आहेत. त्या काळात पाहुणे पक्षी बहुतेक परतलेले असतात.

९. नोंद कशी करावी?

प्रत्येक निरीक्षणाच्या वेळी पुढील बाबी लिहा:
• तारीख, वेळ, निरीक्षणाचा एकूण कालावधी, निरीक्षकांची संख्या.
• ठिकाणाचे वर्णन: कडा, कचरा डेपो, जनावरे टाकण्याची जागा, शेत.
• अंतर, दुर्बीण वापरली का, प्रकाशाची दिशा.
• किशोर, मधल्या वयाचे, प्रौढ आणि ‘वय ठरवता आले नाही’ अशा चार रकान्यांत संख्या.
• वर्तन: खाणे, बसणे, काटक्या किंवा चिंध्या वाहून नेणे, जोडीने उडणे.
• फोटो असल्यास पंखाची खालची बाजू, शेपूट आणि चेहरा दिसेल असा.

चौथा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह टाळा. दूरच्या पक्ष्याला अंदाजाने ‘प्रौढ’ म्हटले, तर सारे प्रमाण बिघडते. तसेच एकही पक्षी न दिसलेल्या भेटीची नोंदही ठेवा. दहा भेटींपैकी दोनदा पक्षी दिसणे आणि दोन भेटींत दोन्ही वेळा दिसणे, यांत मोठा फरक आहे; शून्याच्या नोंदी नसतील तर तो फरक पुसला जातो. या नोंदी ‘ई-बर्ड’सारख्या खुल्या संचात भरता येतात. वयाची माहिती टिपणाच्या जागी लिहावी.

काही बंधने पाळा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली या पक्ष्याला संरक्षण आहे. घरट्याचे नेमके ठिकाण किंवा फोटो सार्वजनिक करू नका. बसलेला पक्षी मान वर करून तुमच्याकडे पाहू लागला किंवा अस्वस्थपणे चालू लागला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात, मागे फिरा. अंड्यांवरचा पक्षी उठला, तर उन्हाने अंडी खराब होऊ शकतात. जनावरे टाकण्याच्या जागी कुत्र्यांच्या टोळ्या असतात, म्हणून तेथे एकटे जाऊ नका. मेलेले गिधाड आढळले, तर हात न लावता वनविभागाला लगेच कळवा. मृत्यूचे कारण शोधण्यासाठी ते शरीर हाच पुरावा असतो.

सारांश

पांढरे गिधाड ओळखताना शेपूट, पंख, डोके आणि हालचाल आधी पाहावी, रंग शेवटी. पांढरा रंग प्रौढत्वाची खूण आहे आणि तो यायला साधारण पाच वर्षे लागतात. प्रौढ पक्षी दीर्घकाळ जगत असल्याने प्रजनन थांबल्यावरही ते अनेक वर्षे दिसत राहतात. म्हणून पांढरे पक्षी दिसणे हा संख्या सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. तपकिरी किशोरांची, वय न ठरलेल्यांची आणि रिकाम्या भेटींची नोंद ठेवली, तरच तुमचे निरीक्षण पुढच्या अभ्यासकाच्या कामी येईल.

स्वाध्याय

१. उंचावर काळी किनार असलेला पांढरा पक्षी दिसला. तो पांढरा करकोचा, बूटेड गरुड की पांढरे गिधाड, हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणत्या तीन खुणा पाहाल?

२. ल्यूसिझम असलेली घार आणि पांढरे गिधाड यांतील फरक स्पष्ट करा.

३. ‘अ’ ठिकाणी एप्रिलमध्ये २० पक्ष्यांपैकी १८ प्रौढ होते. ‘आ’ ठिकाणी २० पैकी १२. प्रौढांचे प्रमाण टक्क्यांत काढा. एकाच भेटीवरून ‘अ’ येथे प्रजनन कमी आहे असे म्हणणे योग्य ठरेल का? किशोर पक्षी दूरवर भटकतात, हे लक्षात घेऊन उत्तर द्या.

४. प्रौढांचे वार्षिक जगण्याचे प्रमाण ९५ टक्के धरून भाग ६ मधील गणित पुन्हा करा. आलेल्या उत्तरावरून प्रौढांच्या संरक्षणाबद्दल काय म्हणता येईल?

५. तुमच्या महाविद्यालयाच्या परिसरातील एखाद्या कचरा डेपोवर महिन्यातून दोनदा, ठरावीक वेळी, एक तास निरीक्षण करा. घारींच्या घोळक्यातील प्रत्येक पक्ष्याची शेपूट तपासा आणि भाग ९ मधील तक्ता भरा. गिधाड दिसले नाही, तरी तक्ता पूर्ण करा.